शिवड्यांची दिवाळी

"आणखी एक गेला," विश्राम म्हणाला. त्याचं नाक काचेला चिकटून चपटं झालं होतं.

उत्तराने हातातली पणती खाली ठेवली. "नीट बघ. दगडामागे असेल."

"दगडामागे पैलवान आहे. कोपऱ्यात चिमटी आहे. काल सात होते, आज सहा. मला मोजता येतं, ताई. मी पाचवीत आहे."

काचपेटीच्या पलीकडे लक्ष्मी उकिडवी बसली होती. हे मासे मडक्यात घालून तिनेच आणले होते, तेव्हा ते नऊ होते. त्यांना नावं विश्रामने ठेवली होती.

लक्ष्मी उत्तराच्या वर्गातली, मानपाड्याची. पावसाळा सरला की भाताच्या खाचरांतलं पाणी आटतं आणि ओढ्याबरोबर आत शिरलेले मासे डबक्यात अडकतात. तिच्या वडिलांना, आनंदाला, अशाच एका डबक्यात शिवड्याची पिल्लं सापडली. बोटाएवढी, चांदीसारखी, अंगावर एकही खवला नसलेली. डोकं चपटं, पुढे दोन लांब मिशा, आणि तोंड मात्र डोळ्यांच्याही मागे चिरत गेलेलं. विज्ञान शिकवणाऱ्या प्रभाकर सरांनी त्यांच्यासाठी सुताराकडून लाकडी चौकटीची काचपेटी करून घेतली. डोंबिवलीतल्या कुठल्याच शाळेत तशी पेटी नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेला चुना लावायचा होता. चुन्याचे थेंब पाण्यात पडले तर मासे मरतील, म्हणून सरांनी पेटी बैलगाडीत घालून अण्णांच्या पडवीत आणून ठेवली. अण्णा म्हणजे उत्तरा आणि विश्रामचे आजोबा. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, शाळेच्या समितीवर असलेले. सर सांगलीला जाताना मुलांना बजावून गेले होते, "रोज संध्याकाळी गांडुळं किंवा बारीक कोळंबी घाला. खातील तेवढीच. उरलेलं लगेच काढा, नाहीतर पाणी नासेल. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदला, आणि नवं पाणी आधी दिवसभर साठवून ठेवा. यांना भूक फार असते. उपाशी ठेवू नका."

त्यावर अण्णा म्हणाले होते, "तुम्ही निश्चिंत जा. मासे माझ्या पडवीत आहेत, खायला मी घालीन. मुलांचे हात चिखलात नकोत."

आता अण्णाच आतून बाहेर आले. "काय कुजबुज चालली आहे?"

विश्रामने सांगितलं. अण्णांनी चष्मा पुसून स्वतः मासे मोजले. मग त्यांची नजर लक्ष्मीकडे गेली. तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या शेजारी ठेवलेल्या पितळी डब्याकडे.

"डब्यात काय आहे?"

"कारिटं हायत, अण्णा. आयेनं दिलीत, तुमच्या आंघोळीसाठी."

"दाखव."

लक्ष्मीला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. तिने झाकण काढलं आणि डबा उलटा केला. लिंबाएवढी हिरवी कारिटं पडवीभर गडगडत गेली. एक थेट अण्णांच्या खडावेपाशी जाऊन थांबलं.

"आज नसतील," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण ज्या घरी रोज मासा शिजतो, तिथल्या मुलीला मोह होणारच. चूक तिची नाही. मीच येऊ द्यायला नको होतं."

उत्तराचे कान गरम झाले. अण्णा कधी कोणावर ओरडत नसत. आजही ओरडले नव्हते, आणि तेच जास्त वाईट होतं.

"अण्णा, एवढ्याशा माशाचं कालवण तरी होतं का?" विश्रामने विचारलं.

"तू गप्प बस."

लक्ष्मी उठली. रिकामा डबा तिने छातीशी धरला आणि एकही कारीट न उचलता फाटकाबाहेर गेली.

*

त्या संध्याकाळी उत्तराने पेटीच्या जाळीच्या झाकणाच्या लाकडी कडांवर चाळणीने रांगोळी पसरली, अगदी पिठीसाखर भुरभुरावी इतकी पातळ. पेटीभोवती जमिनीवरही पसरली.

"मांजर आलं तरी उमटेल, माणूस आला तरी उमटेल," ती म्हणाली.

"आणि साप?"

"सापाची रेघ उमटेल."

सकाळी दोघं उठून आधी पडवीत धावली. रांगोळीवर बोटाचा ठसा नव्हता, पंज्याचा नव्हता, रेघही नव्हती. झाकण जसंच्या तसं होतं.

मासे मात्र पाच होते.

विश्राम दोन पावलं मागे सरकला. "ताई, हे भुताचं काम आहे. भुतांना मासे फार आवडतात, गोविंदा दूधवाला सांगतो."

"मग ते कोपरला खाडीवर जाईल. आपल्याकडे कशाला येईल? आपल्या घरात त्याला वरणभात मिळेल."

पण बोलताना उत्तराचंही लक्ष पुन्हा पुन्हा झाकणाकडे जात होतं. बंद पेटीतून मासा जातो कुठे?

तिने अण्णांना रांगोळी दाखवली. अण्णांनी मान हलवली. "रांगोळी पुसून पुन्हा घालता येते, बाळ. त्यात काय?"

*

मानपाड्याची वाट कापणी झालेल्या खाचरांमधून जात होती. आनंदा खळ्यावर भाताचे भारे रचत होता. मुलांना बघून त्याने हात थांबवला नाही.

"अण्णांना सांगा, आमचे घरान मासली खूप हाय. तुमचे पेटीतली चोरून आनाची गरज नाय आमाला."

"काका, आम्हाला माहीत आहे," उत्तरा म्हणाली. "लक्ष्मी शाळेत—"

"लक्ष्मी शालंला येनार नाय." भारा धपकन खाली आला. "जिथं पोरीचा डबा उलटा करून बघतात, तिथं शिकून काय कराचं? भात झोडील घरी."

उत्तरा हबकली. लक्ष्मी तिच्या पाड्यातून सातवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी होती. यंदा त्यांची सातवीची मोठी परीक्षा होती, आणि गणितात लक्ष्मीचा हात कोणी धरू शकत नसे.

लक्ष्मी खळ्याच्या कडेला पेंढ्यावर बसली होती. मुलं जवळ गेल्यावर उत्तराचे भरलेले डोळे पाहून ती हळूच म्हणाली, "रडू नको गं. मीच नाय रडले, तू काय रडते?"

"आम्ही चोर शोधणार आहोत," विश्राम म्हणाला. "बहुतेक भूत आहे."

लक्ष्मीच्या ओठांवर हसू आलं आणि लगेच गेलं. "पेटीतले मासे बरोबर खातात ना?"

"अण्णा घालतात की."

"काय घालतात?"

"गांडुळं. सरांनी मडकंभर काढून ठेवली होती ना."

"ते कवाच सरलं असंल. मग नवी कोण खणतं? अण्णा?"

उत्तरा आणि विश्रामने एकमेकांकडे पाहिलं. सोवळं नेसणारे अण्णा कुदळ घेऊन केळीखाली गांडुळं खणताहेत, हे चित्र दोघांच्याही डोळ्यांपुढे येईना.

"उद्या पहाटे आम्ही पाहत बसणार," उत्तरा म्हणाली. "अभ्यंगस्नानाच्या वेळी. तू ये."

"बापूस झेंडू घेऊन टेशनवर जाणार हाय पहाटे. मी त्याच्यासंगती येईन." मग लक्ष्मीने मान वर केली. "पण पडवीत पाय ठेवणार नाय. कठड्याबाहेरनं बघेन."

*

गांडुळांचं मडकं मोरीमागे पालथं पडलं होतं. आत कोरडी माती होती.

"ती होय?" सुमतीआत्या चकल्या तळता तळता म्हणाली. "तुमचे सर गेले त्याच दिवशी अण्णांनी केळीखाली सोडून दिली. जीवदान दिलं म्हणाले. सणासुदीला घरात हिंसा नको."

"मग मासे काय खातात?"

"कणकेच्या गोळ्या. देवळाच्या तळ्यात नाही का आपण घालत? अण्णा सकाळी घालतात, स्तोत्र म्हणून झालं की." आत्याने झारा निथळवत आवाज खाली आणला. "मीही दुपारी चार घालते. आणि तुझी आई घालते संध्याकाळी, तिला वाटतं मला कळत नाही. पुण्य काय एकट्या अण्णांनीच मिळवायचं?"

उत्तराने बाही वर सरकवून पेटीत हात घातला. पाणी गढूळ झालं होतं, हे दोन दिवसांपासून दिसत होतं. ते बदलायचं विचारलं की अण्णा "मी बघतो" म्हणत. तळाशी बोटांना बुळबुळीत काहीतरी लागलं. तिने मूठभर वर काढलं. पांढऱ्या गोळ्या, फुगलेल्या, बुरशीचे केस आलेल्या, एकही तोडलेली नाही. त्यांना आंबूस, सडका वास येत होता.

"शी," विश्राम म्हणाला. "म्हणजे सर गेल्यापासून हे उपाशीच आहेत?"

उत्तरा उत्तर देणार होती, तेवढ्यात पैलवान दगडामागून बाहेर आला. इतर मासे बोटाहून जरासे मोठे होते आणि त्यांची पोटं आत गेली होती. पैलवान चांगला वीतभर झाला होता. त्याचं पोट गोल होतं.

ती हातात सडकी कणीक घेऊन तशीच उभी राहिली. कणीक कोणीच खाल्ली नव्हती. मग हा कशावर पोसला?

"काय झालं, ताई? तोंड का पांढरं पडलं तुझं?"

"काही नाही. पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, असं सर म्हणतात. उद्या पाहू."

तिन्हीसांजेला घरात पाणी भरण्याचा कार्यक्रम झाला. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी घरातली सगळी भांडी घासूनपुसून भरून ठेवायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं, ही रीतच होती. तांब्याचे हंडे, घंगाळं आणि मातीचा मोठा रांजण, सगळे गळ्यात झेंडूची माळ घालून ओळीने बसले. सडक्या पाण्यातले पाच मासे मात्र तसेच उपाशी राहिले, कारण पाणी बदलू, गांडुळं घालू म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "आता सणाच्या गडबडीत ते नको."

*

पहाटे सगळं घर जागं होतं. मोरीत अण्णांच्या अंगाला तेल लावणं चाललं होतं. उटण्याचा वास पडवीपर्यंत येत होता. लांब कुठेतरी एक फटाका वाजला.

विश्रामने लाल कागदाचा आकाशकंदील पेटीच्या वर टांगला होता. पांढऱ्या उजेडात मासे लपत, पण या मंद तांबड्या उजेडाची त्यांनी फिकीर केली नाही. फाटकाशी झेंडूची पाटी डोक्यावर घेऊन आनंदा थांबला होता. त्याने लेकीच्या हट्टापुढे हार मानली होती एवढंच. चेहरा कालचाच होता. लक्ष्मी कठड्याच्या गजांमधून बघत होती. बाहेरची जमीन खाली असल्यामुळे तिचे डोळे नेमके माशांच्या पातळीवर आले होते.

चिमटी पाण्याच्या अगदी वर, तोंड उघडझाप करत तरंगत होती. बाकीचे तिघं कोपऱ्यात गोळा झाले होते.

पैलवान बाहेर आला. घाई नव्हती त्याला. मिशा पुढे करून तो तळावरून सरकत कोपऱ्याशी आला आणि थांबला.

मग त्याने तोंड उघडलं. एका माशाला एवढं तोंड असतं हे तिघांपैकी कोणालाही माहीत नव्हतं. पाणी एकदाच हललं. कोपऱ्यात दोन मासे राहिले. तिसऱ्याची शेपटी पैलवानच्या तोंडाबाहेर थरथरत होती.

"आये गं," लक्ष्मी पुटपुटली आणि तिने गज घट्ट धरले.

उत्तराने डोळे मिटले नाहीत. मग ती मोरीकडे धावली.

"अण्णा, चला. आत्ता चला. तसेच चला."

अण्णा पंचा सावरत आले. अंगावरून तेल निथळत होतं, अर्ध्या पाठीला उटणं होतं. उत्तराने बोट दाखवलं. शेपटी अजून दिसत होती. अण्णा वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हा... हा त्याचा भाऊ ना?"

"हो, अण्णा. एकाच मडक्यातून आले."

"आणि बाकीचे?"

"तेही असेच गेले. तो अख्खे गिळतो, अंगावर खवलेही नसतात, म्हणून मागे काही राहत नाही. झाकण कोणी उघडलंच नव्हतं." तिने कालची कणीक पानावर ठेवली होती, ती पुढे केली. "हे त्यांनी खाल्लं नाही. त्यांना मांसच लागतं. नाही मिळालं, म्हणून जो थोडा मोठा होता त्याने लहानांना..."

अण्णा पायरीवर बसले. "मी त्यांना सणाचं..." ते म्हणाले आणि थांबले. त्यांची नजर कठड्याबाहेर गेली. लक्ष्मी तिथे उभी होती, आणि तिच्या मागे आनंदा.

"ताई, चिमटी आडवी झाली," विश्राम ओरडला.

चिमटी एका कुशीवर कलली होती. कल्ले भराभर हलत होते.

"सगळं पाणी ओता," अण्णा उठले. "विहिरीचं ताजं भरा."

"नको, अण्णा. एकदम गार पाणी घातलं तर उरलेलेही जातील. थोडं काढायचं आणि तेवढंच साठवलेलं घालायचं, परत परत."

विश्राम आत धावला आणि तांब्याचा हंडा ओढू लागला.

"तांब्याचं नको," उत्तरा म्हणाली. "तांबं पाण्यात उतरतं, माशांना ते विष. मातीच्या रांजणातलं आण."

"पूजेचा रांजण?" दारात आलेल्या सुमतीआत्याने हात कपाळाला लावला.

"आणा म्हणतो ना मी," अण्णा म्हणाले.

"आणि पैलवानला वेगळा करायला हवा. मला नाही धरता येणार, बुळबुळीत आहे तो." उत्तराने कठड्याकडे पाहिलं. लक्ष्मीने वडिलांकडे पाहिलं. आनंदा जागचा हलला नाही.

तेव्हा अण्णा पडवी उतरले. तेलकट अंगाने, अनवाणी, फाटकापर्यंत गेले आणि त्यांनी हात जोडले.

"आनंदा, मी चुकलो. न पाहता बोललो. मुलीला आत येऊ दे. सांगत नाही, विचारतो आहे."

आनंदाने डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"जा, लक्ष्मे. पण मासली मेली तं पोरीवर येऊ द्याचं नाय, अण्णा. सांगून ठेवतो."

"नाही येणार. माझ्यावर येईल."

लक्ष्मीने ओलं फडकं हाताला गुंडाळलं. तोंडाकडून नाही, मागून, एका झेपेत तिने पैलवानला धरलं. गाईच्या दगडी डोणीत पेटीतलंच पाणी भरून ठेवलं होतं, त्यात त्याला सोडला आणि वर पाट झाकला. मग कामाला सुरुवात झाली. रबरी नळीने विश्राम तळाचं घाण पाणी आणि कणकेचा गाळ बादलीत ओढत होता. लक्ष्मी बादल्या फेकत होती. अण्णा रांजणातलं पाणी तांब्याऐवजी मातीच्या बोळक्याने, काचेच्या कडेवरून हळूहळू सोडत होते, कारण उत्तराने तसं सांगितलं होतं. मधेच ती हात धरून थांबवी, "आता जरा थांबा," आणि सगळे थांबत.

आभाळ उजळलं. अंगणातल्या तुळशीवर ऊन आलं.

"अण्णा," विश्राम भीत भीत म्हणाला, "सूर्य उगवला. तुमची आंघोळ राहिली. आज सूर्योदयानंतर आंघोळ केली तर माणूस नरकात जातो, असं तुम्हीच सांगता."

"जाईन. आधी ती चिमटी श्वास घेते का बघ."

चिमटीने शेपटी हलवली. सरळ झाली, पुन्हा कलली, पुन्हा सरळ झाली. मग ती हळूहळू खाली, दगडाच्या आडोशाला गेली.

सुमतीआत्याने पदराने डोळे पुसले आणि धुराने पाणी आलं म्हणाली. धूर कुठेच नव्हता.

अण्णा आंघोळीला निघाले, पण दारातून परत फिरले. झोपाळ्याखाली परवाची कारिटं तशीच पडली होती. त्यांतलं एक त्यांनी उचललं आणि रीतीप्रमाणे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडलं. चांगलं जोर लावून फोडलं.

"नरकासुर मेला का, अण्णा?" विश्रामने विचारलं.

"तो केव्हाच मेला रे. हा दुसरा होता, बराच जवळचा."

*

दिवे लागले तेव्हा रिकामी पाटी काखेत घेऊन आनंदा लेकीला न्यायला आला. पडवीत चौघंजण पेटीभोवती बसले होते. विश्रामचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. लक्ष्मी मडक्यातून एकेक गांडूळ पाण्यात सोडत होती. उत्तरा काही उरतं का ते पाहत होती. अण्णांनी कंदील उंच धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते.

"खाल्लं का?" त्यांनी विचारलं.

"खाल्लं," लक्ष्मी म्हणाली. "चिमटीनंपण."

"आणि डोणीतल्या त्या राक्षसाने?"

"त्यानं सगळ्यात आधी. राक्षस नाय हो तो, अण्णा. भुकेला होता."

अण्णांनी एक डोळा उघडला. "खरं आहे. दिवाळी माझी होती, त्यांची नव्हती." मग आनंदाला बघून ते उठले. "आनंदा, ये, वर ये. ही तिघं आधी पाहून मग बोलली. मी इतकी वर्षं कचेरीत काढली, मला तेवढं जमलं नाही. सर आले की हे सगळं मीच त्यांना सांगणार आहे. समितीलाही."

आनंदाने पायरीवर पाटी ठेवली, पण वर आला नाही. तो काचेतून बघत होता. लक्ष्मीने बाहेर काढलेल्या गांडुळाकडे चिमटी मिशा वळवत होती. अण्णांनी पुन्हा डोळे मिटले. ते पाहून आनंदाला हसू आवरेना.

"अण्णा, डोले उघडा. ती तुमाला नाय खाणार."

विश्राम खिदळला. हसू ओसरल्यावर आनंदाने पाटी उचलली, लेकीला खूण केली आणि फाटकाकडे वळला. दोन पावलांवर तो थांबला.

"उत्तरे," तो पाठमोराच म्हणाला, "शाला कवा उघडते?"